गतीचे प्रकार

सहावीच्या वर्गाला विज्ञान शिकवण्याची पाळी माझ्यावर आली ती निव्वळ अपघाताने. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी येणाऱ्या बाई काही आल्याच नाहीत, आणि मुख्याध्यापकांची नजर व्हरांड्यातून फिरत फिरत शेवटी माझ्यावर येऊन थांबली. मी बालवर्गाची बाई. शिक्षण मॅट्रिक, आताच्या भाषेत दहावी पास. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते हा माझा गुन्हा शाळेत सर्वांना ठाऊक आहे, आणि बहुधा त्यामुळेच हिला काहीही जमते असा एक गैरसमज तेथे पसरलेला आहे. "अहो, तुम्ही चारशे पानांची गोष्ट लिहिता; चार पानांचा धडा शिकवता येणार नाही?" असे मुख्याध्यापक म्हणाले. कादंबरीत चुकले तर फार तर एखादा टीकाकार ओरडतो. वर्गात चुकले तर चाळीस मुले ती चूक पाठ करतात. हा फरक त्यांना समजावून सांगण्याच्या फंदात मी पडले नाही.

धड्याचे नाव होते 'गती व गतीचे प्रकार'.

संध्याकाळी पुस्तक घेऊन गॅलरीत बसले. जगातली सारी हालचाल त्या चार पानांनी पाच-सहा खणांत घडी घालून ठेवली होती. सरळ रेषेत जाते ती एकरेषीय गती. वेग तोच राहिला तर समान, कमीजास्त झाला तर असमान. झोपाळ्यासारखी पुढेमागे होते ती आंदोलित. पंख्याच्या पात्यासारखी फिरते ती वर्तुळाकार. ठरावीक काळाने पुन्हा त्याच ठिकाणाहून जाते ती नियतकालिक. आणि फुलपाखरासारखी क्षणोक्षणी दिशा बदलते ती यादृच्छिक. हा शेवटचा शब्द वर्गात अडखळू नये म्हणून मी तो सात-आठ वेळा मोठ्याने म्हटला, तेव्हा आतून आईने विचारले, "कुठलं स्तोत्र गं हे?"

मला मात्र ती वर्गवारी फार आवडली. मराठीच्या पुस्तकात कशालाच असा ठाम खण नसतो. कवितेत करुण आहे की शांत, यावर विद्वान माणसे वर्षानुवर्षे भांडतात. येथे पंखा म्हणजे वर्तुळाकार, विषय संपला.

आणि हा धडा शिकवायला आमच्या उलव्यासारखे ठिकाण शोधून सापडणार नाही. गॅलरीच्या एका टोकाला उभे राहिले की बामणडोंगरी स्टेशनातून सुटणारी लोकल दिसते: आधी रांगते, मग चालते, मग धावते. असमान गतीचे याहून चांगले चित्र कोणते? पलीकडे खाडीवर अटल सेतू. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाला; लांबी बावीस किलोमीटरांना थोडी कमी, आणि त्यातले सोळाच्या वर समुद्रावरून. रात्री त्यावरचे दिवे एका दोऱ्यात ओवल्यासारखे मुंबईकडे सरकत असतात. लांबून ती अगदी समान गती वाटते, जवळ जाऊन टोलनाक्याशी उभे राहावे म्हणजे भ्रम फिटतो. आणि आता विमाने. नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी पहिली प्रवासी विमाने उडाली. त्या दिवशी आमची सबंध इमारत गच्चीवर होती. आता कोणी मान वर करत नाही.

पण सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत वक्तशीर गती खाडीची. खालच्या मजल्यावर एक आगरी आजी राहतात. त्यांचे सारे आयुष्य मिठागरांत गेले. भरतीची वेळ काढण्याची रीत मला त्यांनी शिकवली. आजची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. अष्टमी असेल तर सहा वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. दिवसातून दोनदा, आणि रोज पाऊण तासाहून थोडी उशिरा, कारण चंद्रही रोज तितकाच उशिरा उगवतो. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला आपण पाट मांडून बसतो त्या तिन्हीसांजेला आमची खाडी नेहमी ओसरलेली असते आणि मध्यरात्री, फटाके थकल्यावर, भरून येते. पंचांग, चंद्र आणि पाणी यांचे हे त्रैराशिक आजी बोटांवर सोडवतात. त्यांना सही येत नाही.

वर्गात धडा रंगला. मी सांगितले, उदाहरणे द्या. आणि उदाहरणांचा पाऊसच पडला. झोपाळा, चक्री, पोळी लाटणारी आई, डास. एका मुलीने नियतकालिक गतीचे उदाहरण म्हणून "बाबांचा पगार" असे सांगितले. महिन्याने येतो, लगेच जातो, पुन्हा येतो. मी तिला पूर्ण गुण दिले. मग गॅलिलिओची गोष्ट सांगितली. पिसा गावच्या चर्चमध्ये हेलकावणारा दिवा पाहताना त्याने प्रत्येक हेलकाव्याचा वेळ मोजला तो स्वतःच्या मनगटाची नाडी धरून, असे सांगतात. खरेखोटे देव जाणे. पण नाडीने लंबक मोजला आणि पुढे, १६५६ साली, हॉलंडच्या हायगेन्सने लंबकाचे घड्याळ केले. आता डॉक्टर घड्याळाने नाडी मोजतात, यातली फिट्टंफाट मला भारी वाटते. मुलांनी लगेच डस्टर दोरीला बांधून टांगले आणि नाड्या धरल्या. मैदानाला फेरी मारून आलेल्या मुलाचे आकडे बसलेल्या मुलाशी जुळेनात. आपल्या अंगातले घड्याळ भीतीने, धावण्याने, तापाने पुढे जाते, हे त्यांना न शिकवता समजले.

शरीरातल्या सांध्यांची नावे तर मुलांना आधीच घरची वाटतात. कोपर आणि गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा, दारासारखा एकाच बाजूला उघडणारा. खांदा म्हणजे उखळीचा, मुसळाच्या टोकासारखा सगळीकडे फिरणारा. ज्याने ही नावे ठेवली तो गृहस्थ स्वयंपाकघराच्या दाराशी बसून विचार करत असला पाहिजे.

आणि मग मी एक वाक्य फळ्यावर लिहिले. वस्तूने जागा बदलली की विज्ञानात त्याला विस्थापन म्हणतात.

मागच्या बाकावरून एक हात वर आला. हा मुलगा विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एका गावचा. एरवी तो बोलत नाही. त्याने विचारले, "बाई, विस्थापन म्हणजे आमच्यासारखं?"

वर्ग हसला नाही. मुलांना अशा वेळी बरोबर कळते. मी म्हणाले, "म्हणजे कसं?" तो म्हणाला, "आजी म्हणते, आपण विस्थापित आहोत." आणि मग जरा धीर येऊन, "आमच्या इथला डोंगर गेला. ती कोणती गती?"

उलव्याच्या त्या टेकडीची उंची नव्वद मीटरांच्या आसपास होती. धावपट्टीच्या आड येत होती म्हणून ती सुरुंग लावून फोडली आणि तिचाच दगड भरावाला वापरला. नदीचे पात्रही वळवले. आम्ही २०१९ साली येथे राहायला आलो तेव्हा दुपारच्या सुरुंगांनी खिडक्यांची तावदाने थरथरत. आता तेथे आकाश आहे. पण ती कोणती गती, हे काही पुस्तकात नव्हते. एक हुशार मुलगी म्हणाली, "डोंगराला गती नव्हती, डंपरला होती. डोंगर नुसता बसून गेला." दुसरा म्हणाला, "मग आजीचं घर?" घर तर डंपरमध्ये बसून गेले नाही. ते जागच्या जागी पडले आणि निराळ्याच ठिकाणी निराळे उभे राहिले. त्याचे विस्थापन मोजायचे कोठून कोठपर्यंत? तास संपल्याची घंटा झाली. शिक्षकी पेशात घंटेसारखा दयाळू मित्र नाही.

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी घरी आले, आणि त्या संध्याकाळी आमच्या घरातल्या गती प्रथमच पुस्तकाच्या नजरेने पाहिल्या.

आमच्या घरी एक पायमशीन आहे. १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी लालबागच्या चाळीत पाळण्यात होते. म्हणजे माझी स्वतःची गती आंदोलित होती. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत आमचे अण्णा, गिरणीच्या साळखात्यातले साचेवाले. दोन महिने वाट पाहून आईने मंगळसूत्रातल्या दोन वाट्या सोडून बाकीचे सोने विकले आणि हे मशीन आणले. परकर, झबली, पिशव्या, शाळेचे गणवेश. आम्ही दोघे भावंडे त्यावर वाढलो.

आता त्या मशीनकडे पाहा. खाली आईची पावले पायटा दाबतात: टाच, चवडा, टाच, चवडा. ही आंदोलित गती. तिथून दांडी मोठे चाक फिरवते: वर्तुळाकार. चामड्याची वादी ते फिरणे वर नेते, आणि वर गेल्यावर तेच फिरणे सुईचे वर-खाली होते. सुईच्या पोटाखाली शटल अर्धा फेरा घेऊन मागे येते. दाते कापडाला टाक्याटाक्याने पुढे ढकलतात. आणि या सगळ्या ये-जा, गोल, वर-खालीच्या शेवटी कापडावर उमटते ती एक सरळ रेघ. धड्यातले निम्मे प्रकार आमच्या आईच्या पायाशी बांधलेले होते, आणि मी ते मशीनवरचे आच्छादन झटकण्यापलीकडे कधी पाहिले नव्हते.

विस्थापनाचा एक नियम पुस्तकात असा आहे की, निघालात तेथेच परत आलात तर तुमचे विस्थापन शून्य, मग वाटेत कितीही चाला. चाळीस वर्षे पाय चालवून आमच्या आईचे विस्थापन शून्य.

अण्णांचा साचाही तसाच. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही, तो नुसता विरला. ज्यांना परत घेतले त्यांत अण्णा होते, आणि गिरणी बंद पडेपर्यंत ते साच्यावर राहिले. दसऱ्याला यंत्रांची पूजा असे, तेव्हा कामगारांच्या बायकामुलांना गिरणी पाहायला सोडत. झेंडूच्या माळा घातलेला साचा अण्णांनी मला दाखवला होता. मी सहा-सात वर्षांची असेन. ते सांगत: ही वही वरखाली होते, ताण्याच्या तारा उघडतात, त्यातून हा धोटा या बाजूचा त्या बाजूला जातो, बाण्याची तार सोडत, मग फणी पुढे येऊन ती तार ठोकते, आणि रूळ कणभर फिरतो. वर-खाली, इकडे-तिकडे, पुढे-मागे, गोल. "एवढी धडपड," ते म्हणाले, "आन् कापूस किती सरकतो? सुतभर." पण त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. चालू साच्यांच्या खात्यात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. साचेवाले ओठांवरून आणि खुणांवरून बोलत. तुटलेली तार सापडली की अंगठा आणि पहिले बोट यांच्यामध्ये धरून अण्णा तिला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाठ मारीत.

हे मुद्दाम सांगितले. पाच वर्षांपूर्वी अण्णांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिले बोट एकमेकांवर फिरू लागले. ते टीव्ही पाहत असले, नुसते बसले असले, की बोटे चालू. आई काही महिने समाधानाने सांगत असे, "ह्यांना गिरणी आठवती. बसल्या जागी तारा जोडत्यात." मलाही ती कल्पना आवडली. इतकी आवडली की ती मी एका कादंबरीत वापरली. लिहिणाऱ्या माणसाची ही एक वाईट खोड आहे. त्याला एखादी गोष्ट सुंदर दिसली की ती खरी आहे का हे पाहायला तो विसरतो.

ती गिरणीची आठवण नव्हती. तो कंपवात होता.

ज्या वर्षी आपल्याकडे खडकीची लढाई झाली त्या १८१७ साली लंडनमध्ये जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टराने या दुखण्यावर एक लहान पुस्तक लिहिले. त्यात सहाच रोगी आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांतले काही त्याने फक्त रस्त्याने जाताना पाहिलेले. चालणे पाहून त्याने दुखणे ओळखले. आता ठाऊक आहे ते असे: मेंदूच्या बुंध्याशी काळसर पेशींचा एक लहान पुंजका असतो, तो डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतो, त्या पेशी हळूहळू मरतात आणि हालचालीचे वंगण आटते. हात थरथरतो तो सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि मौज अशी की तो विसावलेला असताना थरथरतो. पाण्याचा पेला उचलायला पुढे केला की बहुधा शांत होतो. बोटांचे ते अंगठ्यावर फिरणे तर इतके नेहमीचे लक्षण की डॉक्टर लोक त्याला गोळी वळण्याची उपमा देतात. आमच्या घरी तारा जोडण्याची दिली, इतकाच फरक. आमच्या आयुर्वेदाने कंपवाताला खाजकुइलीचे बी सांगितले होते. आजचे मुख्य औषध लेव्होडोपा, ते त्या बियांत निसर्गतःच असते हे पुढे विज्ञानाला सापडले. अण्णांना अर्थात गोळ्याच आहेत. गोळी घेतली की तासाभरात भरती. तीन-चार तासांनी ओहोटी. त्याचेही एक पंचांग आई सांभाळते.

थरथर सोसता येते. सोसवत नाही ते थांबणे.

यंदाच्या आषाढातली गोष्ट. सकाळची शाळा, मला उशीर झालेला. अण्णा न्हाणीघराच्या दारात उभे. आत जात नाहीत, बाहेर येत नाहीत. मी म्हणाले, "अण्णा, चला ना." ते उभेच. "अण्णा, मला उशीर होतोय." ते म्हणाले, "पाय चिकाटल्यात, बाय." आदल्याच दिवशी लिफ्ट बंद होती म्हणून हा माणूस दोन मजले जिना चढून आला होता, न थांबता. आणि आज सपाट फरशीवर, वीतभर उंबऱ्यापाशी पाय उचलत नाही? मला वाटले, हे मुद्दाम आहे. लहान मुलासारखा हट्ट आहे. मी त्यांचा हात धरला आणि ओढले.

वरचे अंग पुढे आले. पाय आले नाहीत. ते गुडघ्यांवर पडले.

फार लागले नाही. आईने हळद लावली. ते मला एक शब्द बोलले नाहीत. उलट, "तू जा, साळंला उशीर हुतोय," असे म्हणाले. त्या दिवशी मी वर्गात जडत्व शिकवले. स्थिर वस्तू बाहेरून बल लावल्याशिवाय हलत नाही, हे वाक्य फळ्यावर लिहिताना माझा खडू मोडला.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते मी येथे लिहिते, कारण हा अंक घराघरांत जातो आणि कोठल्या घरात कोण उंबऱ्याशी उभे असेल सांगता येत नाही. या दुखण्यात पाय गोठतात, आणि नेमके दारात, वळणावर, अरुंद जागेत गोठतात. अशा वेळी ओढू नये, घाई करू नये. रोजचे चालणे आपण मेंदूच्या ज्या जुन्या वाटेने करतो, विचार न करता, ती वाट बंद पडलेली असते. पण डोळ्यांपुढे काही ओलांडायला असले तर पाय दुसऱ्या वाटेने निघतात. घाटात दरड कोसळली की गाडी आडवाटेने काढतात, तसे. जिना म्हणूनच जमतो. प्रत्येक पायरी समोर दिसत असते. जमिनीवर आडव्या रेघा मारून पाहा, ते म्हणाले. किंवा ठेका द्या.

माझ्या पर्समध्ये खडूचे तुकडे नेहमीच असतात. घरी आल्याबरोबर मी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, हात-हात अंतरावर, फरशीवर आडव्या रेघा ओढल्या. अण्णा पाहत होते. म्हणाले, "काय, लंगडी खेळायची का काय ह्या वयात?" मी म्हणाले, "रेघेवर पाय द्यायचा नाही, ओलांडायची." ते पहिल्या रेघेशी उभे राहिले. मी हात पाठीमागे बांधून घेतले. मला माझ्या हातांचा भरवसा नव्हता. बरेच क्षण गेले. मग उजवा पाय उचलला गेला, रेघेपलीकडे पडला; मग डावा. न्हाणीघराच्या दारात ते थांबले नाहीत. आत जाऊन त्यांनी नळ सोडला, आणि बराच वेळ तो नुसताच वाहत राहिला.

हे दर वेळी साधतेच असे नाही. गोळीची ओहोटी असली की रेघाही उपयोगी पडत नाहीत; मग आई मशीनवर जाऊन बसते आणि कापड न घालताच पायटा चालवते. खटक-खटक, खटक-खटक. तो ठेका साच्याचा नव्हे, साचा फार जलद चाले. पण अण्णा त्यावर निघतात कधी कधी. कधी नाहीच निघत. मग आम्ही वाट पाहतो. पुस्तकात वाट पाहण्याला खण नाही, कारण तेथे काहीच हलत नाही. पण दारात उभ्या असलेल्या अण्णांकडे मी आता नीट पाहते, तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांत, गुडघ्यांत बारीक थरथर चाललेली असते. सगळे निघालेले असते. फक्त पाऊल तेवढे सुटलेले नसते.

त्या मुलाला मी दुसऱ्या आठवड्यात उत्तर दिले. म्हणाले, "डोंगर गेला ती एकरेषीय गती असावी, कारण ती परत येत नाही." तो म्हणाला, "आजी जाते ना परत. दर रविवारी कुंपणापर्यंत जाते आणि येते." मी म्हणाले, "मग आजीची आंदोलित." त्याने ते वहीत लिहून घेतले. परीक्षेत लिहू नकोस, असे मात्र सांगायला मी विसरले.

आता भाद्रपदातले सांगते आणि थांबते.

गौरी आणायच्या दिवशी आईने पहाटे उठून घर धुतले. माझ्या खडूच्या रेघा पुसल्या गेल्या. मग मूठ तांदळाच्या पिठात बुडवून तिने उंबऱ्यापासून आतपर्यंत गौरीची पावले उमटवली, वर पाच-पाच बोटांचे ठिपके दिले, कुंकू टाकले. दुपारी शेजारणी जमल्या, मिठागरवाल्या आजीही वर आल्या. गौर थाटात आत आली आणि सजून बसली. थोड्या वेळाने अण्णा नवा सदरा घालून, खाली मंडपात जायचे म्हणून निघाले आणि दाराशी गोठले. पाठीमागे बायकांचा घोळका. मी खडू शोधू लागले. नेमका पर्समध्ये एक तुकडा नाही.

अण्णा खाली पाहत होते. म्हणाले, "पावलं हायेत की. पण ही आत येणारी. मला भायेर जायाचंय."

आईने काही न बोलता पिठाचे ताट उचलले. अण्णांच्या पुढ्यात खाली बसली, मूठ बुडवली, आणि गौरीच्या पावलांना न शिवता, त्यांच्या बाजूने, उलट्या तोंडाची पावले उमटवत निघाली. उंबरा ओलांडून, बाहेरच्या पॅसेजमधून, पार लिफ्टपर्यंत. एक शेजारीण घाबरून म्हणाली, "अहो काकू, हे काय? लक्ष्मीची पावलं कोणी दाराबाहेर काढतं का?"

"लक्ष्मीची न्हाईत ती," आई वर न पाहता म्हणाली. "ह्यांची हायेत."